कानात गोष्ट, पायात बूट

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले होते, की चालायचा कंटाळा येत असेल तर कानात एखादी कादंबरी लावून बघा. गुडघ्यांवर अख्खा लेख लिहिला तेव्हा आली नव्हती एवढी पत्रं त्या एका ओळीवर आली. काहींनी आभार मानलेत, काहींनी भांडण काढलंय. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. शाळेत पीटी शिकवली, निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी सुटलेली नाही. दुखण्याखुपण्याचं डॉक्टरांना विचारा, चालण्या-पळण्याचं मला.

बाई, मी बँकेत नोकरी करते, वय ४४. दरवर्षी पाऊस सुरू झाला की हुरूप येतो, चालायला लागते आणि दसऱ्यापर्यंत सगळं बंद. तुमचं वाचून फोनवर एक कादंबरी घेतली. सुरुवातीला मजा आली. पण पुस्तक इतकं रंगलं, की आता ते स्वयंपाक करताना ऐकते, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकते, झोपताना ऐकते. चालणं मात्र पुन्हा बंद! हे उलटंच झालं ना? आणि चालताना ऐकलेलं निम्मं डोक्यावरून जातं, ते वेगळंच. — सौ. के., मनीषनगर

सौ. के., रोग तुम्हीच ओळखलाय, आता औषध कडू लागलं तरी घ्या. गोष्ट घरात मोकळी सोडली, तर ती तुम्हाला घराबाहेर कशाला काढेल? तिला चालण्याशी बांधून ठेवा. बूट पायात असतील तरच पुढचं प्रकरण, नाहीतर नाही.

हे माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग केला होता, २०१४ साली तो छापून आला. एका गटाला चटक लावणाऱ्या कादंबऱ्या भरलेले आयपॉड दिले, पण ते जिममध्येच कुलपात ठेवले. पुढे काय झालं हे ऐकायचं असेल तर जिममध्ये यायचं. दुसऱ्या गटाला सांगितलं, की तुमच्याच आयपॉडमध्ये कादंबऱ्या भरून देतो, फक्त जिममध्येच ऐका, बाकी तुमची मर्जी. तिसऱ्याला नुसतं खरेदीचं गिफ्ट कार्ड. सुरुवातीला पहिला गट तिसऱ्यापेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिममध्ये आला आणि दुसरा २९ टक्के. म्हणजे मनाच्या निग्रहानंही काम होतं, पण कुलपानं जास्त होतं. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. प्रयोग संपल्यावर विचारलं, की असं कुलूप लावून हवं असेल तर पैसे पडतील, द्याल का? ६१ टक्के लोक खिशात हात घालायला तयार झाले.

तुमच्यासाठी कुलूप असं करा. घरात जुना फोन पडलेला असेलच. त्यातलं सिम काढा, त्यात ते पुस्तक वाय-फायवर उतरवून घ्या आणि हातातल्या फोनमधून ते ॲपच काढून टाका. जुना फोन चपलांच्या रॅकमध्ये, चालायच्या बुटात खोचून ठेवायचा. चार्जरसुद्धा तिथल्याच बोर्डाला. स्वयंपाकघरात हवं तर गाणी लावा, कीर्तन लावा, बातम्या ऐका. कादंबरीला तिथे बंदी.

आता तुमचा दसरा. त्या प्रयोगातही थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि सगळा परिणाम ओसरला, परत आलेल्यांची सवय मोडलेली होती. त्यांची एक सुट्टी, तर आपल्याकडे गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी अशी रांगच. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाच्या दिवसांत कोणी चालायला जाणार नाही, मीही जा म्हणणार नाही. पण सण यायच्या आधीच्या फेरीत पुस्तक अशा जागी थांबवा, की दार उघडलंय आणि आत कोण उभं आहे ते कळलेलं नाही. प्रकरण संपवून गेलात तर संपलं. आणि सवय मोडलीच, तर जुनं पुस्तक ओढत बसू नका. नवं घ्या, कोरं.

डोक्यावरून का जातं, याची मला तीन-चार कारणं दिसतात. एक, पुस्तकाची निवड. पहिल्याच तासात वीस नावं येणारी कादंबरी बसून वाचताना चालते, पान मागे उलटता येतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर धापा टाकताना हा कोणाचा पुतण्या ते शोधत बसता येत नाही. कवितेचंही तेच. चालायला आत्मचरित्र उत्तम, प्रवासवर्णन उत्तम, एका माणसामागे सरळ जाणारी रहस्यकथा उत्तम. पूर्वी वाचलेलं आवडतं पुस्तक तर सर्वांत उत्तम, थोडं निसटलं तरी बिघडत नाही. दुसरं, वाचणाऱ्याचा आवाज. विकत घेण्याआधी नमुना फुकट ऐकायला मिळतो, तो चालतानाच ऐकून बघा. काही पुरुष निवेदक बाईचे संवाद आले की आवाज चिरका करतात, तो मला पाच मिनिटांच्या वर सोसत नाही. तिसरं, वेग. लोक हुशारी म्हणून दीडपटीनं ऐकतात. कशाला? चालायला निघालात, गाडी पकडायला नव्हे. आणि शेवटचं, पंधरा किंवा तीस सेकंद मागे नेणारं बटण असतं, ते वापरायला लाजू नका. पण दर दोन मिनिटांनी वापरावं लागत असेल, तर त्या दिवशी डोक्यात ऑफिस आहे. पुस्तक बंद करा आणि नुसत्या चाला.

एक हिशेब देते, बँकेच्या माणसाला आवडेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस. दहा तासांचं पुस्तक म्हणजे बरोबर चार आठवडे. ॲपमध्ये झोपेसाठी टायमर असतो, तो ३० मिनिटांवर लावा. आवाज बंद पडेपर्यंत घराकडे वळायचं नाही.

नमस्कार बाईसाहेब. माझं वय ७२. रोज पहाटे अंबाझरीकडे फिरायला जातो. मुलगी आली होती, तिनं कानात घालायची ती बिनवायरची बोंडं आणून दिली आणि एक संतचरित्र लावून दिलं. फार छान वाटून राहिलं. पण आमच्या मंडळातले चिडवतात, ‘काय बे बुढ्या, कानात बोळे कोंबून कुठं चालला? मागून गाडी आली तर?’ घरून पण तेच ऐकावं लागते. तुम्ही काय म्हणता? — ग. वा., शंकरनगर

काका, मंडळाचं अर्धं बरोबर आहे. गाडी नंतर बघू, आधी घरातल्या घरात एक परीक्षा द्या.

बैठकीतून स्वयंपाकघराकडे नेहमीसारखे चालत जा आणि मध्येच काकूंना विचारायला सांगा, ‘काल रात्री भाजी कोणती केली होती?’ उत्तर द्यायला तुमचे पाय थांबले का, ते काकूंनी बघायचं. हसू नका. स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासात हेच बघितलं होतं आणि १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. बोलायला लागल्यावर ज्यांचं चालणं थांबत होतं, त्यांचं पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त होतं. उतारवयात चालण्यालासुद्धा लक्ष लागतं. ते दुसरीकडे गेलं की पाऊल चुकतं. तुमचे पाय थांबले असतील तर संतचरित्र बाकावर बसून ऐका, फेरी झाल्यावर, निवांत. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ही गोष्ट त्यांच्या कानावर घाला.

पाय थांबले नाहीत, तर ऐका, पण एकाच कानानं. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे गाड्या समोरून येताना दिसतात. तेव्हा रस्ता तुमच्या डाव्या हाताला असतो, म्हणून डावा कान मोकळा. फोनमध्ये ‘मोनो ऑडिओ’ अशी सोय असते, ती नातवंडांकडून चालू करून घ्या, म्हणजे सगळा आवाज एका बोंडातून येईल. बाहेरचा आवाज मारणारं बटण असेल तर ते कायमचं बंद. कानाच्या भोकात न जाता कानापुढच्या हाडावर टेकणारे हेडफोनही मिळतात, दोन्ही कान मोकळे राहतात. मुलीला पुढच्या वाढदिवसाला काय आणायचं ते सांगायला बरं. रस्ता ओलांडताना पुस्तक थांबवायचंच, आणि जिथे कुत्र्यांची टोळी असते त्या वळणावरही. त्यांचं गुरगुरणं वेळेत ऐकू आलेलं बरं.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, पण ९० डेसिबलला जेमतेम चार. म्हणजे थोडा आवाज वाढवला तर मुभा दहापट कमी होते. आपण वाढवतो कधी? शेजारून बस जाते तेव्हा. मग खाली करायचं राहून जातं. म्हणून गाड्यांच्या रस्त्यापेक्षा आतली, झाडाखालची वाट धरा.

पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही करायचे असतात: एका पायावर उभं राहणं, टाचेला बोट लावत चालणं. ते करताना कानात काही नको, हाताशी भिंत हवी.

आणि काका, मंडळाबरोबर असाल तेव्हा बोंडं खिशात. चिडवायला माणसं मिळणं हे या वयात नशीब आहे.

मॅडम, मी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. गावावरून सायकलनं येतो, सकाळी ग्राउंड, दुपारी काम, रात्री अभ्यास. वेळच पुरत नाही. सायकलवर आणि १६०० मीटरच्या प्रॅक्टिसमध्ये सामान्य ज्ञानाचे ऑडिओ ऐकले तर अभ्यास पण होईल ना? — रा., वय २१, हिंगणा रोड

बेटा, सायकलवर नाही. चर्चा नाही. त्या रस्त्यावर एमआयडीसीचे ट्रक कसे येतात ते तुला मी सांगायला नको.

१६०० मीटरलाही नाही. ग्राउंडचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० चे, १०० मीटर आणि गोळाफेकीचे पंधरा-पंधरा. १६०० म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. पहिली फार जोरात मारली की तिसरीत माणूस बसतो. हे कळायला स्वतःचा श्वास ऐकू यायला हवा, पाय कसा पडतोय ते ऐकू यायला हवं. तिथे कोणी ‘महाराष्ट्रातील जिल्हे किती’ विचारत असेल तर दोन्हीकडचे गुण जातील. शिवाय भरतीच्या दिवशी कानात काहीच नसणार, मग सराव तसाच कर.

ड्युव्हल हेक्ट नावाचा एक अमेरिकन नौकानयनपटू होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यानं सुवर्णपदक घेतलं. पुढे नोकरीसाठी रोज लांबचा गाडीप्रवास करावा लागे, त्याला वैतागून त्यानं १९७५ साली कॅसेटवर अख्खी पुस्तकं भाड्यानं देणारी कंपनी काढली. ऑलिम्पिकवाल्या माणसालाही पुस्तक ऐकायची गरज वाटली ती स्टिअरिंगमागे कंटाळा आला म्हणून. वल्ही मारताना नाही. (गाडीत आवाज स्पीकरमधून येतो, कान बंद होत नाहीत. सायकलचा मुद्दा पुन्हा काढू नकोस.)

तुझ्यासाठी जागा आहे ती आठवड्यातल्या सावकाश, लांब जॉगिंगला, तेही ग्राउंडच्या आत. वेग असा, की बाजूच्या पोराशी बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये. वॉर्मअपच्या आधीचं चालणं आणि शेवटी अंग थंड करतानाच्या फेऱ्या, इथेही ऐक. वेगाच्या सरावाआधी अंगात पेटवायला काही हवंच असेल, तर ठेक्याचं गाणं लाव. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांचं संगीत व्यायामाला मानवतं, असं या विषयातले अभ्यासक सांगतात. निवेदकाच्या आवाजाला असा ठेका नसतो.

आणि नवीन धडा ऐकून शिकायला जाऊ नकोस. कॉलेजच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यांनी मजकूर नुसता ऐकला ते चाचणीत वाचणाऱ्यांपेक्षा मागे पडले. रात्री वाचलंस त्याची उजळणी सकाळी ऐक. विकतचे ऑडिओही नकोत. स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड कर, पाच सेकंद गप्प रहा, मग उत्तर रेकॉर्ड कर. त्या पाच सेकंदांत पळता पळता उत्तर तोंडानं म्हण. उत्तर दमल्यामुळे म्हणता आलं नाही, तर वेग कमी कर. आठवलंच नाही, तर रात्री पुस्तक उघड. निकाल लागला की कळव.

मॅडम, आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्टनी दिलेले व्यायाम ती ‘हे काय पोरखेळ’ म्हणून टाळते. तिला लिहिता-वाचता येत नाही, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. तिला पुस्तक ऐकवलं तर समजेल का? — प्रा., कामठी

समजेल का म्हणजे? विड्या वळणाऱ्या बाईला ऐकता ऐकता हात चालवायचं तू शिकवणार?

क्यूबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक माणूस उंच जागी बसून कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवत आला आहे, वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्याही. केरळात दिनेश बीडीच्या कामगारांतही पेपर वाचून दाखवायची पद्धत होती. तुमच्या कामठीत तर बाबू हरदासांनी विडी कामगारांची संघटना उभी केली. आजीला विचार, सुपात पानं घेऊन बायका बसायच्या तेव्हा कोण काय सांगायचं, कोण वाचायचं. ती सांगायला लागली तर त्या दिवशी पुस्तक लावूच नकोस. तिला सांगू दे आणि मध्ये मध्ये म्हण, ‘आजी, टाच ओढ.’

बाकीच्या दिवशी पलंगावर पडून करायचे व्यायाम गोष्टीबरोबर होतील: घोटा वर-खाली करणं, गुडघ्याखाली टॉवेल ठेवून मांडी आवळणं, टाच मागे सरकवणं. उभ्यानं करायचे आणि वॉकर धरून चालायचे, तेव्हा गोष्ट बंद. किती वेळा आणि किती वाकवायचं हे फिजिओथेरपिस्ट ठरवतील. मी नाही, तू नाही आणि निवेदक तर नाहीच.

कानात बोंडं घालू नकोस, फोन उशीशी ठेव. कूलर चालू असेल तर तेवढा वेळ पंख्यावर भागवा. कूलरच्या घरघरीत शब्द विरतात, मग आपण आवाज चढवतो आणि तरी समजत नाही. वेग थोडा कमी ठेव, ०.९ वगैरे. पुस्तक निवडताना एक बघ. आपल्याकडची माणसं असलेली गोष्ट असेल, तर वाचणाऱ्याला ती बोली येते का? वऱ्हाडी म्हातारीच्या तोंडचं ‘काहून’ कोणी सदाशिव पेठेच्या सुरात म्हटलं, की आजी हसेल तरी नाहीतर चिडेल तरी.

पंधरा मिनिटांच्या कथा शोध. अंध वाचकांसाठी १९३० च्या दशकात अमेरिकेत पहिली बोलकी पुस्तकं निघाली, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर साधारण एवढंच मावायचं. एवढ्या वेळात आजीचा एक व्यायामाचा फेरा आरामात होतो. आणि खरं सांगू, रोज नाही तर एक दिवसाआड तूच वाचून दाखव. ॲपमधल्या माणसाला ‘थांब गं, तो मेला का खरंच?’ असं विचारता येत नाही.

ट्रेडमिलवर मोबाइलवर मालिका बघितली तर? — एक वाचक, धरमपेठ

मान खाली जाते, पाऊल आखूड पडतं आणि पट्टा कोणासाठी थांबत नाही. ऐका. बघू नका.

पावसाळ्यात इअरफोन घालून चालते. आता कान खाजतो, दडे बसल्यासारखं वाटतं. घरचे गरम तेल घाल म्हणतात. — सौ. म., नंदनवन

तेल नको, केसातली पिन नको, काडीला गुंडाळलेला कापूस नको. दमट हवेत घाम आणि ओल कानात कोंडली की बुरशी धरू शकते, आणि तेल घालून ती जात नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ते साफ करतील, थेंब देतील. सांगतील तेवढे दिवस थेंब घाला, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. इअरफोनची रबरी टोपणं काढून धुवा, पूर्ण वाळवा आणि कितीही लाडकी असली तरी मैत्रिणीला वापरायला देऊ नका. हे उन्हाळ्यासाठीही लक्षात ठेवा. नवतपाच्या दिवसांत पहाटे पाचलाही घाम निथळत असतो.

कान बरा होईपर्यंत गच्चीवर फेऱ्या मारा आणि पुस्तक फोनच्या स्पीकरवर लावा. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील. केली नाही आणि दुसऱ्या दिवशी ‘काल पुढे काय झालं हो?’ विचारायला आले, तर त्यांनाही वर बोलवा, बूट घालून.